मुलाखतीत मशीन आपला चेहरा वाचतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी नागपुरात शंकरनगर चौकाजवळच्या एका हॉलात आम्ही शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींकडून मुलाखतीचा सराव करून घेतो. पूर्वी प्रश्न ठरलेले असत. टाय लावायचा का, ‘स्वतःबद्दल सांगा’ला काय सांगायचं, पगार किती मागायचा. आता वर्गात शिरता शिरताच कोणीतरी विचारतं, ‘सर, कॅमेऱ्यामागे एआय बसलेला असतो, तो चेहरा पाहून मार्क देतो, खरं काय?’ उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. नेमकं कोणतं अर्धं खरं, ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे दर शनिवारचा अर्धा तास वाचेल.

भावना-विश्लेषण म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही मोबाइलवर उत्तर रेकॉर्ड करता. समोर माणूस नसतो, पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला अर्धा मिनिट मिळतो आणि मग दोन-तीन मिनिटं बोलायचं. याला एकतर्फी व्हिडिओ मुलाखत म्हणतात. त्या व्हिडिओवर तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक, चेहऱ्यावरच्या ठरावीक बिंदूंच्या हालचाली मोजणं: भुवई, पापणी, ओठांचे कोपरे. दोन, आवाज मोजणं: स्वर किती उंच, बोलण्याचा वेग किती, मध्ये किती थांबता. तीन, बोललेलं लिहून काढून त्यातले शब्द तपासणं. यातून ‘आनंदी’, ‘चिंताग्रस्त’, ‘उत्साही’ अशी लेबलं काढली जातात, त्या प्रत्येकापुढे एक आकडा येतो, आणि तो एचआरच्या पडद्यावर रंगीत पट्टीच्या रूपात दिसतो.

तिन्ही गोष्टी प्रत्येक कंपनी करत नाही. आजकाल तिसरी, म्हणजे शब्दांची तपासणी, सगळ्यात जास्त भेटते. तुमच्या मनात भीती पहिलीची असते, म्हणून पुढचं बरंचसं तिच्याबद्दल आहे.

मशीनला माझ्या मनातलं कळतं का?

नाही. त्याला तुमच्या चेहऱ्याचे स्नायू दिसतात.

याचा थोडा इतिहास आहे आणि तो माहीत असलेला बरा. १९६०च्या दशकाच्या शेवटी पॉल एकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे चेहऱ्यांचे फोटो घेऊन गेले. राग, भीती, दुःख, आनंद, किळस आणि आश्चर्य हे सहा भाव जगभर सारखेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९७८ मध्ये त्यांनी वॉलेस फ्रीसन यांच्यासोबत चेहऱ्याच्या हालचाली नोंदवण्याची एक पद्धत छापली. तिच्यात प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. भुवया खाली येणं म्हणजे ४, ओठांचे कोपरे वर जाणं म्हणजे १२. माझ्या मते ही पद्धत प्रामाणिक आहे. भुवई खाली आली एवढंच ती नोंदवते, ती का आली हे सांगायला ती बसलेली नाही. ‘भुवई खाली, म्हणजे माणूस रागावला’ ही उडी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी मारली.

ती उडी किती लांबची आहे हे २०१९ मध्ये मोजलं गेलं. लिसा फेल्डमन बॅरेट आणि आणखी चार शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक शोधनिबंध तपासले. रागात असलेली माणसं सरासरी सुमारे ३० टक्के वेळाच कपाळाला आठ्या घालतात, असं त्यांना दिसलं. उरलेल्या वेळी ती गप्प बसतात, रडतात, हसतातसुद्धा. उलट राग नसतानाही आठ्या पडतात. गणित अवघड असलं की पडतात, पोट दुखत असलं की पडतात.

आमच्या हॉलात हे आपोआप सिद्ध झालं. उमरेडकडची एक मुलगी सरावाला बसली होती. एक फुकटचं सॉफ्टवेअर लावून ठेवलं होतं, ते तिला सारखं ‘राग, राग’ दाखवत होतं. बिचारी घाबरून आणखी आक्रसली, तसा राग आणखी वाढला. कारण एवढंच, की एप्रिलची दुपार होती आणि समोरच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. पडदा ओढला आणि तिचा ‘स्वभाव’ शांत झाला.

मशीन हे शिकतं कुठून?

माणसांनी लेबल लावलेल्या फोटोंवरून. तुमच्यापैकी ज्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ‘चेहऱ्यावरून भावना ओळखा’ घेतला असेल, त्यांनी बहुधा एफईआर-२०१३ हा संच वापरला असेल. त्यात ३५,८८७ फोटो आहेत, इंटरनेटवरून गोळा केलेले, प्रत्येक ४८ बाय ४८ पिक्सेलचा, काळा-पांढरा. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीपेक्षाही बारीक. प्रत्येक फोटोला सातांपैकी एक लेबल. फोटोतल्या माणसाला त्या क्षणी काय वाटत होतं हे त्याला कोणीच विचारलं नाही. बघणाऱ्याला काय वाटलं, ते लिहिलं गेलं. त्यामुळे मशीन फार तर ‘हा चेहरा बघून लोक काय म्हणतील’ याचा अंदाज बांधतं. मोठ्या कंपन्यांचे संच याहून मोठे आणि चांगले असतात, पण लेबल लावायची रीत तीच.

मग कंपन्या हे घेतात तरी कशाला?

एका जागेला पाच हजार अर्ज येतात आणि एचआरमध्ये माणसं तीन. बस, एवढंच.

हे अजून वापरात आहे का? बंद झालं असं ऐकलं.

दोन मोठी पावलं मागे पडली आहेत. व्हिडिओ मुलाखतींच्या धंद्यातली ‘हायरव्ह्यू’ ही अमेरिकन कंपनी उमेदवारांच्या चेहऱ्याचंही विश्लेषण करत असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘एपिक’ या तिथल्या खासगीपणाच्या हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेने तिच्याविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की चेहऱ्याचा भाग काढून टाकला आहे. कारण मजेशीर होतं: शब्दांवरून जे कळतं, त्यात चेहरा फारशी भर घालत नाही. म्हणजे तोपर्यंत ज्या पोरांनी आरशासमोर हसण्याचा सराव केला, त्यांची मेहनत पाण्यात! दुसरं पाऊल मायक्रोसॉफ्टचं. जून २०२२ मध्ये त्यांनी आपल्या चेहरा-ओळख सेवेतून भावना सांगण्याची सोय मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

पण बाजार एवढ्या दोनांवर संपत नाही. लहान विक्रेते आहेत, आणि चेहरा सोडून आवाजाकडे वळलेले आहेत. ‘उत्साह’, ‘आत्मविश्वास’, ‘सहभाग’ अशा सभ्य नावांखाली तोच माल विकला जातो.

ऑनलाइन परीक्षेत मान वळवली म्हणून इशारा आला होता. तेही हेच का?

नाही, ती कॉपी पकडायची देखरेख. नजर कुठे गेली, खोलीत दुसरं कोणी आलं का, एवढंच ती पाहते. तिचे स्वतःचे त्रास आहेत (मागे पाणी द्यायला आलेली आई ‘दुसरी व्यक्ती’ ठरते), पण मनात काय चाललंय ते कळतं, असा दावा ती करत नाही.

‘सर, मले कॅमेऱ्यासमोर हासूच येत नाही. नापास करतीन काय?’

हा प्रश्न काटोलच्या एका पोराने अगदी याच शब्दांत विचारला आणि वर्ग हसला. तो मात्र हसला नाही, यात सगळं आलं.

गड्या, जबरदस्तीने हसू नको. दोन कारणं. पुष्कळ ठिकाणी चेहरा मोजतच नाहीत, तेव्हा ती मेहनत वाया जाते. आणि नंतर तोच व्हिडिओ एखादा माणूस पाहतो, तेव्हा ‘माझा प्रोजेक्ट शेवटच्या आठवड्यात बंद पडला होता’ हे वाक्य दात दाखवत सांगणारा उमेदवार त्याला विचित्र वाटतो. आपल्याकडे मोठ्यांशी बोलताना नजर खाली जाते, ‘हो’ म्हणताना मान आडवी डोलते, गंभीर विषयावर चेहरा गंभीर राहतो. हे शिष्टाचार आहेत. परक्या देशातल्या फोटोंवर शिकलेल्या सॉफ्टवेअरला ते समजत नसतील, तर खोट त्या सॉफ्टवेअरची.

मी फक्त एवढं करायला लावतो. उजेड समोरून यावा, पाठीमागून नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा, त्यासाठी मोबाइलखाली दोन जाड पुस्तकं पुरतात. आणि उत्तराचं पहिलं वाक्य पाठ असावं, म्हणजे घसा मोकळा होतो. याचा फायदा मशीनसमोरही होतो, माणसासमोरही.

माझं बोलणं वऱ्हाडी वळणाचं आहे. आवाजाच्या विश्लेषणात मार खाईन का?

इथे मात्र मी ‘काळजी नको’ म्हणणार नाही. आवाज मोजणारं सॉफ्टवेअर वेग, चढउतार आणि थांबे बघतं. जो मनात मराठीत विचार करून तोंडाने इंग्रजी बोलतो, तो शब्द शोधायला थांबतो, आणि त्या थांब्याला ‘संकोच’ म्हटलं जाऊ शकतं. शब्द लिहून काढणारा भागही आपल्या उच्चारांत चुकतो आणि मग चुकीच्या शब्दांवर गुण बसतात.

हे गुण किती पोकळ असू शकतात, त्याचा एक किस्सा. २०२१ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’च्या पत्रकारांनी अशी सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजीतल्या मुलाखतीत त्यांच्यातल्या एकीने प्रश्नांची उत्तरं न देता विकिपीडियावरचा जर्मन मजकूर वाचून दाखवला. सॉफ्टवेअरने तिच्या इंग्रजीला ९ पैकी ६ गुण दिले. आपल्या पोरांची इंग्रजी त्या जर्मनपेक्षा तरी इंग्रजीच्या जवळ आहे.

आणि नागपूरची खास अडचण म्हणजे कूलर. मार्च ते जून घराघरात तो घरघरत असतो, आपल्याला ऐकूही येत नाही इतका सवयीचा. माइकला येतो. रेकॉर्डिंगची वीस मिनिटं बंद ठेवा, घाम आला तर येऊ द्या. वायरवाले इअरफोन असतील तर ते लावा.

चष्मा, स्कार्फ, मागची भिंत यांनी फरक पडतो का?

पडायला नको, पण पडलेला आहे. जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०२१ मध्ये व्हिडिओवरून स्वभाव सांगणाऱ्या एका सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. तीच बाई, तीच उत्तरं. चष्मा लावला, गुण बदलले. डोक्याला रुमाल बांधला, बदलले. मागे पुस्तकांचं कपाट दाखवलं, तेव्हाही बदलले.

म्हणून मागे पुस्तकांचं कपाट लावा असं मी सांगावं का? एका पालकांनी खरंच विचारलं होतं, भाड्याने मिळतं का म्हणून. साधी भिंत पुरते. देवघर, कपड्यांची दोरी आणि धाकटा भाऊ तेवढे चौकटीबाहेर ठेवा.

सावळ्या रंगाच्या चेहऱ्यावर मशीन जास्त चुकतं का?

अमेरिकेतल्या लॉरेन ऱ्ह्यू या संशोधिकेने २०१८ मध्ये एनबीएच्या बास्केटबॉल खेळाडूंचे फोटो दोन प्रसिद्ध सेवांना दाखवले. कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्यांपेक्षा जास्त राग किंवा तुच्छता चिकटवली गेली, हसण्याचं प्रमाण जमेला धरूनही. तो अभ्यास अमेरिकेतल्या चेहऱ्यांचा आहे. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या मुलाला त्यावरून सावध राहण्याएवढं कारण मिळतं, आणि विक्रेत्याला ‘आमच्याकडच्या लोकांवर तपासलंय का?’ विचारायचा हक्क मिळतो.

मला बोलताना अडखळायला होतं / माझ्या चेहऱ्याची एक बाजू हलत नाही. मी काय करू?

आधी सांगा, नंतर नाही. रेकॉर्डिंगपूर्वीच ईमेल करून समोरासमोर किंवा फोनवर मुलाखत मागा.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मोजलेले आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, वाचा व भाषेची अक्षमता, पार्किन्सन्स आणि आम्लहल्ल्यात भाजलेल्या व्यक्तीही त्यात येतात. ही यादी पुन्हा वाचा. यातल्या कितीतरी जणांचा चेहरा किंवा आवाज सॉफ्टवेअरच्या ‘नेहमीच्या’ साच्यात बसणारच नाही. आम्लाने भाजलेल्या चेहऱ्यावर ‘आनंद’ शोधणारं मशीन हे नुसतं चुकीचं नाही, क्रूर आहे. या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं असतं, खासगी कंपनीनेसुद्धा. ते मागा. चेहऱ्याचा लकवा त्या २१ मध्ये नावाने नाही, तरी मागणी करायला कोणी अडवलेलं नाही.

भारतात याविरुद्ध कायदा आहे का?

भावना-विश्लेषणाचं नाव घेऊन बंदी घालणारा कायदा नाही. जे आहे ते बाजूने लागू होतं.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली, म्हणजे त्या २०२७ च्या मध्यापर्यंत पूर्ण लागू होतील. तुमचा व्हिडिओ हा तुमचा व्यक्तिगत डेटा आहे. त्या लागू झाल्या की तो कशासाठी घेतला हे सांगणारी सूचना मिळायला हवी, आणि ती मराठीतही वाचता यायला हवी, कारण कायद्यात संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय आहे. दिलेली संमती मागे घेता येते, डेटा पुसायला सांगता येतो. सुरक्षेत हयगय करून डेटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. एक पळवाट मात्र ओळखून असा: नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीशिवाय डेटा वापरण्याची एक वाट कलम ७ मध्ये आहे. त्या वाटेत कर्मचारी बसतो, नुसता अर्ज केलेला उमेदवार बसतो का, यावर भांडता येईल.

जाता जाता आठवण. मे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीचीही पॉलिग्राफ किंवा नार्को चाचणी त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. ते फौजदारी तपासापुरतं आहे, मुलाखतीला थेट लागू नाही. तरी गुन्ह्यातल्या संशयिताचीही मर्जी विचारली जाते आणि नोकरी मागणाऱ्या पोरीची विचारली जाऊ नये, हे मला पटत नाही.

मिहानमधल्या (नागपूरच्या विमानतळाजवळचा उद्योग-प्रकल्प) कंपनीचा ग्राहक युरोपातला आहे. तिकडचा कायदा चालेल का?

युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी चेहरा, आवाज अशा जैविक खुणांवरून भावना ताडायला २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भरतीही यात येते. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यातला जो जास्त तो. नागपूरची कंपनी नागपूरच्याच टीमसाठी माणूस घेत असेल, तर ही बंदी साधारणपणे लागत नाही. निवडीचा निकाल युरोपात वापरला जाणार असेल, म्हणजे तिकडच्या कार्यालयासाठी इथून उमेदवार निवडत असतील, तर लागू शकते. लिहिलेल्या मजकुरावरून भावना काढणं या बंदीत येत नाही, हेही माहीत असू द्या.

कंपनीला विचारायचं कसं? उद्धट वाटेल ना?

विचारण्यात उद्धटपणा नसतो, सुरात असतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून व्हिडिओ एआयने तपासणार असतील तर ते उमेदवाराला आधी सांगणं, समजावणं आणि संमती घेणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि उमेदवाराने मागणी केली तर ३० दिवसांत व्हिडिओ पुसावा लागतो. तिकडे जे कंपनीने आपणहून करायचं, ते आपल्याकडे तुम्ही विचारून घ्या. आम्ही मुलांना हा मसुदा देतो, इंग्रजीत तुम्हीच करून घ्या:

‘मुलाखतीच्या संधीबद्दल आभार. माझ्या रेकॉर्डिंगमधील चेहरा, आवाज किंवा शब्द यांचे स्वयंचलित विश्लेषण होणार आहे का, आणि त्याचा निवडीवर परिणाम होतो का, हे कृपया कळवावे. रेकॉर्डिंग किती काळ ठेवले जाते आणि अंतिम निर्णय कोण घेते, हेही समजल्यास बरे होईल. शक्य असल्यास मला प्रत्यक्ष मुलाखत द्यायला आवडेल.’

एवढंच. कायद्याची कलमं पहिल्याच ईमेलमध्ये फेकू नका.

नकार दिला तर बाद करतील ना?

करू शकतात, आणि कारणही सांगणार नाहीत. घरी हप्ते चालू असलेल्या पोराला ‘तत्त्वासाठी नोकरी सोड’ असं सांगायची माझी हिंमत नाही. द्या मुलाखत. पण लिंक, तारीख, संमतीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि निकाल लागला की डेटा पुसण्याची विनंती पाठवा.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआर बघते. विक्रेता डेमो दाखवून गेला. घ्यावं का?

ताई, डेमोत विक्रेता स्वतःचाच चेहरा दाखवतो, तेव्हा सॉफ्टवेअर नेहमी चालतं. त्याला तुमच्या कारखान्यातले तुम्हाला आधीच माहीत असलेले दहा चांगले ऑपरेटर आणि सुपरवायझर यांचे व्हिडिओ द्या आणि त्यांना किती गुण पडतात ते पाहा. तुमचा सगळ्यात भरवशाचा शिफ्ट इन्चार्ज ‘उत्साह कमी’ म्हणून खाली गेला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. मग विचारा की गुणांचा आणि नंतरच्या कामाचा संबंध कोणत्या आकड्यांवर दाखवला आहे, आणि एखाद्या उमेदवाराने दावा ठोकला तर जबाबदार कोण. शेवटच्या प्रश्नावर चहा थंड होतो, असा अनुभव आहे. त्याच पैशात दोन अनुभवी माणसं ठरलेल्या प्रश्नांची एकसारखी यादी घेऊन बसवा.

‘एआय मुलाखत क्रॅक करा’ असे क्लास लावावेत का?

नको. आत काय मोजतात हे क्लासवाल्यालाही कंपनी सांगत नाही.

रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेली तर?

मे महिन्यात हे होतंच. घाबरून ‘सबमिट’ दाबू नका. अर्धवट व्हिडिओ वर गेला की बऱ्याच ठिकाणी दुसरी संधी उघडत नाही. पडद्याचा फोटो काढा, त्यात वेळ दिसू द्या. मोबाइल डेटावर लगेच ईमेल करा: अमुक वाजता वीजपुरवठा खंडित झाला, अमुक प्रश्न अपूर्ण राहिला, कृपया नवी लिंक द्यावी. आमच्याकडच्या चौघांनी असं केलं, तिघांना लिंक मिळाली. चौथ्याला फोन आला आणि त्याची मुलाखत एका माणसाने घेतली.